तीन लिप्यांचा दगड

चैत्र शुद्ध ५, मंगळवार

पाथरवट दगड घेऊन आला. पांढराशुभ्र संगमरवर, एक शीर नाही. मजकूर तीन लिप्यांत. वर उर्दू, सुभेदारसाहेबांसाठी (यापुढे सु. सा., एवढं लांब रोज कोण लिहील). मधे इंग्रजी, छावणीतल्या कर्नलसाठी. खाली आपली बाळबोध. 'हा हौद केशवराव गोविंदराव यांनी सर्व जातींच्या लोकांस पिण्याच्या पाण्यासाठी बांधून दिला.' उर्दू ओळ सगळ्यात सुंदर उतरली आहे. मला ती वाचता येत नाही ही गोष्ट वेगळी.

सौ. पाहायला आली. बाळबोध ओळीवरून बोट फिरवत गेली. वाचायला तिला मीच शिकवलं, आता भोगतो आहे.

"गोदीचं नाव?"

म्हणालो, जागा पुरली नाही. तीन लिप्या म्हटल्यावर तीनदा लिहावं लागलं असतं. तिनं पदरानं दगडावरची धूळ पुसली आणि आत गेली.

गोदीला जाऊन अकरा वर्षं झाली. वेरूळच्या जत्रेत कुठल्याशा विहिरीचं पाणी प्यायली, तिसऱ्या दिवशी पटकीनं गेली. सात वर्षांची होती. हौद तिच्यासाठी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मग दगडावर असायलाच हवं का?

चैत्र शु. ७, गुरुवार

दगड बसेना! हौदाच्या भिंतीत ठेवलेल्या कोनाड्यापेक्षा हातभर लांब. पायरीवर टाकावा तर लोक माझ्या नावावर पाय देऊन पाणी भरणार. पाथरवट डोकं खाजवत उभा. तीन लिप्यांची हौस माझी, त्याला काय बोलू?

शेवटी त्यानंच सुचवलं. हौदाला लागून रस्त्याच्या कडेला नळाचा जो छातीएवढा पोकळ मनोरा बांधला आहे, त्याच्या तोंडावर दगड आडवा टाकायचा, जरासा उतरता. बग्गीतून बसल्या बसल्या वाचता येईल. मोजून पाहिलं, बोटभरही फरक नाही. देवानंच जागा राखून ठेवली होती म्हणायची.

मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा. जलदानाला त्याहून चांगला दिवस कोणता? सु. सा. नी यायचं कबूल केलं आहे.

चैत्र शु. ११, सोमवार

आज पाणी सोडलं. हर्सूलकडून येणारी जुनी नहर, तिला आपण नवी फांदी काढली, मातीच्या नळांची, सगळी जमिनीखालून. पाणी मनोऱ्यात चढलं, तोंडाशी आलं, पलीकडून उतरलं आणि हौदात पडलं. हौदाभोवतीच्या वस्तीतल्या, पुऱ्यातल्या बायका नुसत्या बघत होत्या. शहराच्या कमिटीत इतकी वर्षं बसतो, इतके ठराव केले, पण ठरावातून पाणी पडताना कधी पाहिलं नव्हतं.

चाँदमियाँ हजर होते. नहरीची राखण त्यांच्या घराण्यात सात पिढ्यांची. घागरीतून सात मासे आणले होते, ते हौदात सोडले. त्यांचा रिवाज असा की नव्या पाण्यात मासे सोडायचे आणि चाळीस दिवस थांबायचं. मासे जगले तर माणसांनी प्यायचं.

मी म्हणालो, चाळीस दिवस म्हणजे वैशाख संपत येईल, तृतीया हातची जाईल.

"तृतीया अगले साल बी आती रावसाब. आदमी नै आता."

म्हातारा तोंडाचा फटकळ. हसून सोडून दिलं.

चैत्र वद्य ७, शुक्रवार

दगड बसला! चुना भरून सांधा बंद केला. लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, बग्गीत बसून पाहिलं. फारच देखणा.

तेवढ्यात चाँदमियाँ आले आणि रस्त्यातच ओरडायला लागले. "ये क्या करे रावसाब? नहर का मूं बंद कर दिये! पानी सांस कां से लेंगा?"

त्यांचं म्हणणं, मनोरा शोभेचा नाही. नळात पाण्याबरोबर हवा येते, ती वर उघड्या तोंडातून निघून जाते. तोंड बंद केलं की हवा आत कोंडते, पाणी रुकरुक के येतं, धक्के बसून सांधे सुटतात. आणि पाणी थांबतं त्या घटकेला फुटका नळ बाहेरचं जे असेल ते आत ओढतो.

म्हटलं, मियाँ, जुन्या मनोऱ्यांची गोष्ट वेगळी, हे काम नवं आहे. लोकांदेखत ओरडायला नको होतं त्यांनी. त्याचाच राग जास्त आला.

चैत्र व. १०, सोमवार

हौदावर गेलो होतो. तोटीतून पाणी येतं, थांबतं, पुन्हा भसकन येतं. दगडाला हात लावला तर खालून धडधड लागते. पाथरवट म्हणतो नवं आहे, बसेल हळूहळू.

सु. सा. नी बोलावलं होतं. दार लावून घेऊन म्हणाले, हैदराबादच्या मजलिसीत, कायदे करणाऱ्या मंडळात, आपल्या सुभ्याचा एक मराठी माणूस घ्यायचा विचार चालू आहे. एवढं म्हणून माझ्याकडे पाहिलं.

घरी येईपर्यंत मनात दोन भाषणं करून झाली. एक मुलींच्या शाळेवर, एक पाण्यावर. आमच्या वैजापुराकडच्या गावांना कुणी वाली नाही. तिथं बसायला मिळालं तर एक सोडून दहा हौद बांधीन. हे खरं आहे, उगाच लिहीत नाही.

चैत्र व. १२, बुधवार

तीन मासे मेले.

चैत्र व. १४, शुक्रवार

सहावा मेला. सातवा कडेला आडवा होऊन तोंड उघडझाप करतो आहे.

चाँदमियाँ अंगणात येऊन उभे. या खेपेला आवाज चढवला नाही, त्याचीच धास्ती वाटली. "पत्थर उठाव. जोड देखता मैं. दो हफ्ते का काम, बस."

तृतीया मंगळवारी. पत्रिका गेल्या. कर्नलची मडम येणार. मंडप उभा राहिला. त्यांना म्हटलं, उन्हाळ्यानं मासे मरतात.

"हौ. मरते," म्हणाले आणि निघून गेले.

अमावास्या, शनिवार

हौदाजवळच्या शाळेचा शिपाई विचारत आला, मेलेले मासे काढू का, वास येतो. म्हणालो, काढ. मग म्हणालो, आणि दुसरे आणून सोड. दुसरं वाक्य कुणाच्या तोंडून निघालं असं वाटून मीच इकडेतिकडे पाहिलं.

हे कुणाला सांगायचं नाही म्हणून इथं लिहितो.

वैशाख शुद्ध ३, मंगळवार. अक्षय्य तृतीया

समारंभ थाटात. सु. सा. नी दगडावरची मखमल ओढली, टाळ्या. भाषणात म्हणाले, पाण्याचं दान करणारा मेला तरी त्याचं पुण्य वाहत राहतं. कर्नलनं इंग्रजी ओळ मोठ्यानं वाचली. नव्या माशांकडे बोट दाखवून मडम म्हणाली, काय छान पोहतात. आज सकाळीच सोडले होते, पोहणारच.

सौ. नं हौदातलं पाणी मातीच्या कुंभात भरून ब्राह्मणाला दिलं. संकल्प सोडताना ओठ हलले, गोदीचं नाव घेतलं असणार.

मग सु. सा. नी चांदीचा पेला माझ्या हातात दिला. पहिला घोट तुमचा. शेकडो लोक पाहत होते. पेला ओठाला लावला.

गिळला नाही. रुमालात सोडला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्या घरी काम करणारी सगुणाबाई त्याच पुऱ्यात राहते. संध्याकाळी पाया पडली. "धनी, माझ्या सुनंला आता पाण्याला कोसभर जावं लागणार नाय. पोटुशी हाय, आठवा लागलाय. लई उपकार झाले बगा."

जेवण गेलं नाही. सौ. म्हणाली, दगदग झाली.

वैशाख शु. ६, शुक्रवार

पुऱ्यात दोघांना ढाळ-वांती. उन्हाळा आहे, आंबे निघाले आहेत, लोक कच्चेपक्के काहीही खातात.

सु. सा. चा निरोप. हैदराबादेहून मजलिसीचे एक बडे गृहस्थ येत आहेत, पौर्णिमेला हौद पाहतील, लोकांना पाणी भरताना पाहतील. 'सब वैसा ही रहे जैसा उस रोज़ था.' हे वाक्य निरोप्यानं दोनदा म्हटलं.

वैशाख शु. ८, रविवार

अकरा घरं. चौघं गेले. आता नाव घ्यायला लोक भीत नाहीत, पटकी आहे.

पुऱ्यातले पाचजण आले होते. मरीआई कोपली म्हणतात, गाडा काढायचा आहे. बोकड, हळद, हिरवं लुगडं, सगळं कबूल केलं. जाताना म्हणाले, "तुमच्यासारखा दाता हाय म्हणून आमी हाव." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी छावणीचा डॉक्टर आला. तरणाताठा, घाईत. दुभाष्यामार्फत एकच प्रश्न, हे लोक पाणी कुठलं पितात?

मी म्हणालो, विहिरींचं.

वहीत लिहून घेतलं आणि गेला.

वैशाख शु. ९, सोमवार

डॉक्टरच्या हुकुमानं पुऱ्यातल्या दोन्ही विहिरींवर फळ्या ठोकल्या. शिपायाचा पहारा बसवला.

आता सगळा पुरा हौदावर.

वैशाख शु. १०, मंगळवार

चाँदमियाँनी जागा शोधून काढली. मला हाताला धरून घेऊन गेले. सराईच्या मागची मोरी, तिच्या खालूनच आपला नळ जातो. वर ओल फुटली आहे. त्यांनी हातभर उकरून दाखवलं, सांध्यात बोट जाईल एवढी फट. पाणी थांबलं की मोरीचं काळं पाणी त्या फटीत हळूच उतरतं. मी डोळ्यांनी पाहिलं.

"पत्थर उठाना, हौद खाली करना, जोड बांधना. मेरे कू लिख के देव रावसाब. जिस पत्थर पे से सुभेदारसाब मखमल खींचे, उसकू बिना हुकूम के कौन हात लगायेंगा? मेरे हात तोडेंगे."

लेखी हुकूम. त्यात कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की डॉक्टरच्या वहीत मी काय सांगितलं तेही निघेल.

म्हटलं, पौर्णिमेपर्यंत थांबा. पाच दिवस.

त्यांनी हात धुतले, तोंड पुसलं. "पांच दिन," एवढंच म्हणाले.

गाडी पाठवून पुऱ्यात बाहेरून पाणी देऊन पाहिलं. दोन पिंपं. बायका तशाच हौदावर. "घरचा हौद असताना गाडीचं कोण पितंय?" चार पायऱ्या उतरल्या की पाणी, असा हौद मीच बांधून दिला ना त्यांना.

वैशाख शु. ११, बुधवार

सगुणाबाई कामाला आली नाही. सून गेली. पोटातलंही गेलं.

मयताला गेलो. सगुणाबाई ओट्यावर बसली होती. मला पाहून उठायला लागली, त्या दुःखातही. म्हणाली, "धनी, शेवटपतुर पाणी पाणी करीत हुती. म्या लई पाजलं. हौदातून नवी घागर आणून पाजलं. पाण्यावाचून न्हाय गेली, एवढं समाधान."

तिथून कसा निघालो आठवत नाही. रस्त्यात बग्गी थांबवून उलटी केली. गाडीवान घाबरला, मलाच लागण झाली म्हणून.

हुकूम लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला. त्यात 'दुरुस्तीच्या कारणास्तव' असं लिहिलं, मग स्वतःचीच किळस येऊन तोही फाडला.

वैशाख शु. १२, गुरुवार

मरीआईचा गाडा निघाला. माझ्या दारासमोर थांबवून मला नारळ फोडायला लावला. पोतराजानं माझ्या पायाशी आसूड ओढला. माझ्याच पाठीवर ओढायला हवा होता.

कमिटीची बैठक. सगळ्यांनी माझे आभार मानले, या संकटात पुऱ्याला शुद्ध पाण्याचा आधार दिला म्हणून. तसा ठराव झाला. मी 'ठीक आहे' म्हणालो.

पौर्णिमा रविवारी. तीन दिवस. चाँदमियाँ समोरच्या लिंबाखाली बसून असतात. काही मागत नाहीत. मी बाहेर पडलो की उठून उभे राहतात, परत आलो की पुन्हा बसतात.

वैशाख शु. १३, शुक्रवार

देवघरात सकाळी नवी तांब्याची कळशी दिसली. आमचं पाणी परसातल्या विहिरीचं, घागरी ठरलेल्या. विचारलं, ही कुठली?

सौ. म्हणाली, "हौदातली. तृतीयेपासून रोज आणवते. सगुणा भरून आणायची, दोन दिवस गड्याला पाठवते आहे."

पूजेसाठी?

"पूजेसाठी अन् मला प्यायला. व्रत धरलंय, वटपौर्णिमेपर्यंत दुसरं पाणी तोंडात घालायचं नाही. ज्यानं दान दिलं त्याच्या घरानं प्यायलं नाही तर दान कसलं? तुम्हीही तिथं पहिला घोट घेतलाच ना."

दहा दिवस. दहा दिवस मी समोर बसून जेवतो आहे आणि हिच्या तांब्यात कुठलं पाणी आहे हे मला ठाऊक नाही.

कळशी उचलून परसात ओतली. सांगणार होतो. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर 'कळशी धुऊन घ्या, तळाशी चिखल आहे.' एवढा मोठा वक्ता मी!

ती ठणठणीत दिसते. दहा दिवसांत काही झालं नाही तर आता काय होणार. काही होणार नाही.

वैशाख शु. १४, शनिवार

सकाळी सौ. तुळशीपाशी गेली ती तिथंच बसली. तेव्हापासून सहा वेळा. डोळे खोल गेले आहेत. हात गार. गोदीचे असेच झाले होते, दुपारपर्यंत.

डॉक्टरला माणूस पाठवला. सोबत चिठ्ठी दिली : विहिरींचं पाणी चांगलं आहे, फळ्या काढा, मी खोटं बोललो, हौदाचं पाणी वाईट आहे. सही केली.

हुकूमही लिहिला. कारणासकट. मनोऱ्याचं तोंड माझ्या सांगण्यावरून बंद झालं, मासे माझ्या सांगण्यावरून बदलले, हे सगळं. चाँदमियाँना लिंबाखालून आत बोलावलं. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला, त्यांना वाचता येत नाही. मीच वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि कागद मला परत दिला. "कागद सुभेदारसाब के वास्ते रखो. पहार पकडने कू दो आदमी लगते. मेरा बेटा कल से पडा है. एक मैं हूं."

त्यांचा मुलगा त्याच पुऱ्यात राहतो. हे मी आजवर विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं.

पुऱ्यातून माणूस आला. उद्याच्या पाहुण्यांसाठी हौदाला झेंडूची तोरणं लावताहेत, मनोऱ्यावर सु. सा. चे दोन शिपाई बसवले आहेत. दगडाला कुणी हात लावायचा नाही असा त्यांना हुकूम. माझं नाव आहे म्हणून माझं ऐकतील की त्याच नावाच्या मानासाठी मला अडवतील, ठाऊक नाही.

पहार परसात होती, काढून ओट्यावर आणून ठेवली. चाँदमियाँ तिच्यापाशी उभे आहेत. हे चार शब्द लिहायला आत आलो कारण सौ. नं हाक मारली.

पाणी मागते आहे. आपल्या विहिरीचं उकळून गार केलेलं दिलं. एक घोट घेतला आणि भांडं ढकललं. सगळं सांगितलं तिला, दगड, मासे, रुमाल, सगळं, तिच्या उशाशी बसून. ऐकलं की नाही कळत नाही. डोळे मिटलेले.

म्हणते, "हे नको. गोदीच्या हौदातलं द्या."